रेसिंगसाठी कार्बोरेटर बनवून घेताना: गोव्यातल्या रायडर्सचे नेहमीचे प्रश्न

मी फोंड्याचा. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या मातीच्या ट्रॅकसाठी आणि ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) तयार करतो. इंजिन मी स्वतः बांधतो, कार्बोरेटर मात्र जाणकाराकडून बनवून घेतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मुलं फोन करून जे विचारतात, तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच पैसे वाया जातात आणि तिथेच पिस्टन फुटतात.

कार्बोरेटर "बनवून घेणं" म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा बॉडी बाजारातलीच असते: मिकुनी, कैहिन, डेलॉर्टो, गाडी चारचाकी असेल तर वेबर किंवा होली. कारागीर ती तुमच्या इंजिनाला जुळवून घेतो. व्हेंचुरीचा (हवेच्या अरुंद वाटेचा) व्यास आणि उतार बदलतो, स्लाइडचा (थ्रॉटलची मूठ पिळली की वर सरकणाऱ्या झडपेचा) तिरका काप ठरवतो, नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि नीडल जेटची जोडी निवडतो. पायलट, मेन आणि एअर जेट (इंधन आणि हवा मापून सोडणारी बारीक भोकं) ठरवतो, फ्लोटची (बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची बसवतो, नीडल व्हॉल्व्हचं भोक पेट्रोल पुरेल एवढं ठेवतो. अ‍ॅक्सिलरेटर पंप असेल तर तो किती आणि किती वेळ पिचकारी मारणार, तेही ठरवतो. या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक हलवली की दुसरी दोन बिघडतात. म्हणून हे काम साफसफाईच्या कामाहून फार वेगळं आहे. तुमच्या गावचा फिटर कार्बोरेटर उत्तम साफ करत असेल, पण म्हणून तो रेसिंगचा कार्बोरेटर जुळवू शकेलच असं नाही. यात त्याचा कमीपणा काही नाही.

आहे त्याच कार्बोरेटरला मोठा मेन जेट टाकून भागत नाही का?

पुष्कळदा भागतं. फक्त सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला असेल, तर मूळ कार्बोरेटर ठेवून मेन जेट आणि नीडलची क्लिप बदला आणि पैसे वाचवा. पोर्टिंग झालं (सिलिंडरच्या वाटा घासून मोठ्या केल्या), कॅम बदलला, कॉम्प्रेशन वाढवलं, इंजिन पूर्वीपेक्षा दोन-तीन हजार आरपीएम वर ओढायला लागलं, की मग मूळ कार्बोरेटर वर गुदमरतो. तेव्हा कारागिराकडे जा. त्याआधी नको.

किती मिलीमीटरचा घेऊ? मित्राने अठ्ठावीस बसवलाय.

मित्राचं इंजिन तुमचं नाही, हे आधी लक्षात घ्या.

कार्बोरेटर हवेच्या वेगावर चालतो. व्हेंचुरीत हवा अरुंद वाटेने जाते, वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या दाबाच्या फरकामुळे फ्लोट बाउलमधलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. या खेचण्याला मी "ओढ" म्हणतो. ओढ हवेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. आता हिशेब करा. यामाहा आरएक्स १०० चा मूळ कार्बोरेटर २० मिमीचा. त्याजागी २८ मिमीचा बसवला, तर भोकाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. तेवढ्याच हवेचा वेग निम्मा होतो आणि ओढ चौथाईवर येते. वळणातून बाहेर पडताना तुम्ही मूठ पिळता, तेव्हा पेट्रोल वर यायलाच तयार नसतं. गाडी "भॉ..." करून थांबल्यासारखी होते, मग एकदम उसळते. मातीवर ही उसळी म्हणजे मागचं चाक बाजूला.

अंदाजासाठी एक सूत्र ट्यूनर लोक वापरतात. इंजिनाचे सीसी गुणिले कमाल ताकदीचे आरपीएम (हजारांत), त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला ०.६५ ते ०.९ ने गुणा. उत्तर मिलीमीटरमध्ये येतं. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, कमाल ताकद ७५०० आरपीएमला. गुणाकार ७३५, वर्गमूळ सुमारे २७. म्हणजे साडेसतरा ते साडेचोवीस मिमी. मूळचा २० मिमी बरोबर मध्ये बसतो. तेच इंजिन पोर्टिंग करून १०,००० आरपीएमला ताकद देणारं केलं, तर वीस ते अठ्ठावीस मिमी येतात. वरची हद्द लांब, सरळ ड्रॅगसाठी. आखूड वळणांच्या ट्रॅकसाठी मधला आकडा. अठ्ठावीस चुकीचाच असं नाही, पण तो शेवटच्या टोकाचा आहे, आणि ते टोक गाठणारं इंजिन तुमच्याकडे आहे का, हा खरा प्रश्न.

अनेक सिलिंडरांना एकच कार्बोरेटर हवा देत असेल, तर हिशेब वेगळा. १३०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ७५०० आरपीएमला दर दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४,८७५ लिटर हवा. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून नव्वद टक्के धरा, ४,४०० लिटरच्या आसपास येतात. होलीवाल्यांच्या भाषेत साधारण १५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). वेबर डीसीओई घेताना आणखी एक गोष्ट विचारा: त्याच्या नावातला ४० किंवा ४५ हा आकडा बॉडीचा असतो, आत बदलता येणारी चोक नळी त्याहून लहान असते. ताकद आणि स्वभाव त्या नळीवर ठरतो. बॉडी विकत घेताना आत कोणती चोक नळी आहे, हे न विचारणारे पुष्कळ भेटतात.

गोव्यात असा कारागीर मिळतो का?

मन लावून काम करणारे जुने फिटर आहेत. म्हापशात एक वयस्कर मेस्त्री आहेत, त्यांनी माझा जेट उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बाळा, ह्याचं भोक कुणी ड्रिलने मोठं केलंय. फेक हा." एवढंच, पण अगदी बरोबर. तरी फ्लो बेंच (हवेचा प्रवाह मोजणारं यंत्र), डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आणि जेटांचा पूर्ण साठा बाळगून फक्त रेसिंगचंच काम करणारा माणूस बहुतेकांना गोव्याबाहेरच शोधावा लागतो. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे; त्या शहरांत दर मोसमात रेसच्या गाड्या तयार होतात, तिथे माणसं सापडतात. पुणे आणि बंगळुरूलाही आहेत. कोल्हापूर आणि बेळगावकडे फाउंड्री आणि लेथचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यामुळे मॅनिफोल्ड किंवा अ‍ॅडॅप्टर करून घ्यायचा असेल तर तिकडे बघा.

नाव शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे शर्यतीचा पॅडॉक, म्हणजे गाड्या तयार होतात ती ट्रॅकशेजारची जागा. तुमच्याच वर्गात, तुमच्याच जातीच्या इंजिनावर सतत पूर्ण शर्यत संपवणाऱ्या रायडरला विचारा. मी पहिल्या येणाऱ्याला नाही म्हणत, संपवणाऱ्याला म्हणतोय.

चांगला कारागीर ओळखायचा कसा?

पहिल्या फोनवरच कळतं. तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते मोजा.

तुम्ही म्हणालात "आरएक्ससाठी कार्बोरेटर हवाय" आणि पलीकडून किंमत आली, तर तो दुकानदार आहे. "कुठला ट्रॅक? पोर्ट कुणी केले? एक्झॉस्ट पोर्ट किती अंशाला उघडतो? चेंबर कुठलं? रीड व्हॉल्व्ह कुठला? पेट्रोल कुठलं टाकता? तेल किती? तुमचं वजन किती?" असे प्रश्न आले, तर वही-पेन घेऊन बसा. तुमच्या वजनापर्यंत पोचलेला माणूस कामाचा असतो. पन्नास किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा गडी एकाच इंजिनावर वेगवेगळ्या आरपीएमला मूठ उघडतात, हे त्याला कळलेलं असतं.

मग तुम्ही त्याला विचारा. कार्बोरेटरबरोबर लेखी कागद देणार का, ज्यात प्रत्येक जेट, नीडल, क्लिपची खाच, स्लाइडचा काप, फ्लोटची उंची लिहिलेली असेल? सोबत दोन लहान आणि दोन मोठे जेट पाठवणार का? शर्यतीच्या आठवड्यात फोन उचलणार का? जुन्या कामाच्या नोंदी ठेवतो का? दोन वर्षांनी तुम्ही तोच कार्बोरेटर पाठवलात, तर त्याला स्वतःचं काम ओळखता आलं पाहिजे.

माझ्या लेखी तीन गोष्टी दिसल्या की मागे फिरायचं. पहिली, "दोन घोडे वाढवून देतो" असं इंजिन न बघता सांगणं. ताकद इंजिन देतं, कार्बोरेटर ती अडवत नाही एवढंच. दुसरी, आतून आरशासारखं चकचकीत केलेलं भोक दाखवून भुलवणं. चकाकी फोटोत छान दिसते, पण व्हेंचुरीचा आकार आणि स्लाइडखालची कड बिघडवून घासलं असेल, तर ओढ जाते ती जातेच. तिसरी, जेटचं भोक हाताने ड्रिल मारून मोठं करणं. कड खरवडली जाते, भोक लांबट होतं आणि तो जेट परत कधीच दुसरा मिळणार नाही असा एकुलता एक बनतो. शर्यतीच्या दिवशी तो हरवला की संपलं.

त्याला काय माहिती पाठवायची?

जितकी खरी, तितकी. सीसी, बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन. फोर-स्ट्रोक असेल तर कॅमचे अंश, टू-स्ट्रोक असेल तर पोर्टचं टायमिंग. एक्झॉस्टचं मोजमाप, कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेची लांबी, एअर बॉक्स आहे की उघडा फिल्टर. प्लगचा नंबर, सध्याचे सगळे जेट. गाडी कुठल्या गिअरला, किती मुठीवर मिस मारते, तेही लिहा. "पिकअप नाही" एवढं लिहिलंत, तर डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगितल्यासारखं होतं.

शक्य असेल तर मॅनिफोल्ड आणि फिल्टर कार्बोरेटरबरोबरच पाठवा. फ्लो बेंचवर या दोन्हींसकट मोजलेला आकडाच तुमच्या उपयोगाचा.

शर्यतीच्या वर्गाची नियमावलीही पाठवा. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर-रेसिंगच्या नियामक संस्थेच्या) वर्गांमध्ये काय बदलायला परवानगी आहे, हे वर्गागणिक वेगळं असतं. कुठे मूळ कार्बोरेटरच लागतो, कुठे फक्त जेट बदलता येतात. छाननीत बाद झालेला उत्तम कार्बोरेटर काय कामाचा? चालू वर्षाचा कागद पाहा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

बेळगाव किंवा पुण्याला ट्यून करून आणलेली गाडी गोव्यात तशीच चालेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण याचं उत्तर मी एक पिस्टन घालवून शिकलो.

माझी पहिली रेसची आरएक्स घाटावर ट्यून झाली होती. एप्रिलची दुपार, बेळगावची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. प्लग काढून पाहिला तर भाजलेल्या काजूसारखा सुरेख रंग. मी खूश, ट्यूनर खूश. गाडी टेम्पोत घालून चोर्ला घाटातून खाली आणली आणि झाकून ठेवली. शर्यत डिसेंबरमध्ये सकाळी, समुद्रसपाटीजवळच्या मातीच्या ट्रॅकवर. तिसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर मागचं चाक बांधल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून मी पडलो नाही. सिलिंडर उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टन चरचरून चिकटलेला.

काय झालं ते कागदावर मांडल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. साडेसातशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी. खाली आलो की हवा तेवढी दाट. शिवाय छत्तीस अंशांच्या दुपारऐवजी एकवीस अंशांची सकाळ, त्याने हवा आणखी पाच टक्के दाट. हवा तेरा-चौदा टक्क्यांनी दाट झाली की कार्बोरेटर आपोआप थोडं पेट्रोल वाढवतो, पण निम्म्याएवढंच. उरलेले सहा-सात टक्के मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) राहतं. रस्त्यावरच्या गाडीला हे खपून जातं. पूर्ण मुठीवर धावणाऱ्या टू-स्ट्रोकला नाही, कारण तिला थंडावा आणि तेल दोन्ही पेट्रोलबरोबरच मिळतात.

म्हणून सांगतो: उंचावर ट्यून करून खाली आणताना मेन जेट मोठा करूनच पहिली फेरी मारा. पुणे ५६० मीटरवर, बंगळुरू नऊशेच्या आसपास. दोन्हीकडून येणाऱ्या गाडीला हे लागू. चेन्नई आपल्यासारखीच समुद्रकाठी, तिथला आकडा गोव्याला जास्त जवळचा पडतो. उलट गोव्याहून वर जाणारी गाडी रिच होते (पेट्रोल जास्त पडतं), धूर काढते, जड वाटते, पण मोडत नाही. आपल्या दमट हवेचाही थोडा वाटा आहे. पावसाळ्यात तीस अंशांना नव्वद टक्के आर्द्रता असेल, तर हवेतली जवळपास चार टक्के जागा वाफेने घेतलेली असते. तेवढा प्राणवायू कमी, गाडी तेवढी रिच.

ट्यूनिंगच्या दिवसाची जागा, उंची, तापमान आणि वेळ कारागिराकडून लिहून घ्या. या चार गोष्टी माझ्याकडे लिहिलेल्या असत्या, तर तो पिस्टन वाचला असता.

ई२० पेट्रोलचं काय करायचं?

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं असं धरून चाला आणि कारागिरालाही तसं स्पष्ट सांगा. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट ई२० वर लीन पडतो. भोकाच्या व्यासात सुमारे चार टक्के वाढ म्हणजे क्षेत्रफळात आठ टक्के, एवढ्यावरून सुरुवात करता येते.

दुसरी गोष्ट रबराची. जुने ओ-रिंग, नीडल व्हॉल्व्हची टोकं, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात. व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) ओ-रिंग मागून घ्या. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या पावसाळ्यात बाउलमध्ये पेट्रोल ठेवून गाडी उभी केली, की आत पांढरी भुकटी धरते आणि पायलट जेटचं बारीक भोक सगळ्यात आधी बंद होतं. (गोव्यात पायलट म्हटलं की पिवळ्या मोटारसायकलवाला आठवतो, पण गाडी सकाळी सुरू होणं न होणं या पायलटवर ठरतं.)

मिकुनीचा ११० नंबरचा जेट कैहिनमध्ये ११० च घ्यायचा ना?

नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून किती इंधन वाहतं त्यावरून ठरतो, कैहिनचा भोकाच्या व्यासावरून. आकडे सारखे दिसले तरी माप एक नाही. शिवाय बाजारात नकली जेट भरपूर आहेत, एकाच नंबरचे दोन जेट पिन गेजने मोजले तर वेगळे निघतात. सगळे जेट कारागिराकडूनच, एकाच बनावटीचे घ्या.

कार्बोरेटर कुरियरने पाठवताना?

पेट्रोलचा थेंबही राहू देऊ नका. बाउल उघडून पुसा, दोन दिवस हवेवर ठेवा. पेट्रोलचा वास आला तर पार्सल घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. स्लाइड आतल्या आत आपटणार नाही अशी बसवा, फ्लोटखाली मऊ कापड ठेवा. नीडल वेगळ्या कडक नळीत घाला. एकदा वाकलेली नीडल सरळ होत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका. पाठवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, जेटांचे नंबर दिसतील असे. वाद होण्याआधीच मिटतो.

परत आल्यावर आधी काय करायचं?

घाई सोडा. गाडी नवा कार्बोरेटर घालून थेट शर्यतीला नेणारे मी पाहिलेत, आणि परत टेम्पोत घालून नेतानाही पाहिलेत.

आधी इंजिन निरोगी आहे ना, हे बघा. कॉम्प्रेशन, प्लग, कॉइल, इग्निशन टायमिंग, फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टू-स्ट्रोकला क्रँक सील. मॅनिफोल्डच्या रबराला बारीक चीर असली, की तिथून हवा शिरते आणि तुम्ही आठवडाभर जेट बदलत बसता. मग स्लाइड मूठ सोडताच खट्कन खाली येते का, ते इंजिन बंद असताना दहादा तपासा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून केबल ओढली जात नाही ना, तेही. अडकलेली स्लाइड माणूस मारते.

मुठीचा कुठला भाग कोण सांभाळतं, ते पाठ असू द्या. बंद ते आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडचा काप. पाव ते पाऊण नीडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे पट्टे एकमेकांवर थोडे चढतात, पण दोष शोधायला नकाशा पुरेसा आहे. मुठीच्या रबरावर आणि हँडलवर पांढऱ्या टेपच्या खुणा करा, म्हणजे "मधेच मिस मारते" याऐवजी "अर्ध्या मुठीवर मिस मारते" असं कारागिराला सांगता येईल.

ट्यूनिंग वरून खाली करायचं: आधी मेन, मग नीडल, शेवटी पायलट. कायम रिचकडून सुरू करा आणि एकेक पायरी उतरा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. मेन जेट तपासायला जुन्या प्लगवर इंजिन तापवा, नवा प्लग लावा, वरच्या गिअरला पूर्ण मूठ ठेवून ओढा. त्याच क्षणी क्लच दाबून किल स्विच मारा आणि मूठ उघडी ठेवूनच थांबा. प्लग काढून पोर्सेलीनच्या मुळाशी, अगदी आत, रंग पाहा. टोकाचा रंग फसवतो.

हे बंद ट्रॅकवर किंवा डायनोवरच करा. अटल सेतूवर नको, मोपाच्या रस्त्यावर नको, पहाटे रिकामा दिसणाऱ्या कुठल्याच रस्त्यावर नको. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर विचारा, रस्त्यावर गेलेलं एक तरी तरुण पोर तिथे निघतं. जेटच्या एका नंबरासाठी त्यात भर नको.

लॅम्डा मीटर घ्यावा का?

हा मीटर एक्झॉस्टवरून मिश्रण लीन की रिच ते सांगतो; एक म्हणजे अचूक, त्याखाली रिच. फोर-स्ट्रोकसाठी जरूर. पूर्ण मुठीवर ०.८६ ते ०.९० लॅम्डा ही सुरुवातीला चांगली जागा. मीटरवर हवा-इंधनाचा आकडा न वाचता लॅम्डाच वाचा, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण बदललं तरी गोंधळ होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थोडं न जळता तसंच एक्झॉस्टमध्ये जातं आणि तेल सेन्सरवर बसतं, त्यामुळे तो आकडा भरवशाचा राहत नाही. तिथे प्लग, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्टचं तापमान यांच्यावर चाला.

पैशांचं बोलणं कसं करायचं?

आधी आणि सुटंसुटं. बॉडीचे किती, जेट-नीडलचे किती, मजुरीचे किती, डायनोच्या तासांचे किती, पाठवणीचे किती. बॉडी परदेशातून येणार असेल तर जकात कोण भरणार. पहिल्या शर्यतीनंतर एकदा फेरजुळणी करावी लागतेच, ती धरून की वेगळी? हे विचारायला लाजू नका. आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या. या कामात माणसं थोडी आहेत, तुमचं नाव पॅडॉकमध्ये तुमच्याआधी पोचतं.

एवढं करूनही गाडी चालली नाही तर?

चिडून फोन करण्याआधी वही उघडा. कुठल्या मुठीवर, कुठल्या गिअरला, किती तापल्यावर, कुठल्या हवेत. प्लगचा फोटो उन्हात, रात्री ट्यूबलाइटखाली नको. मूळ कार्बोरेटर परत लावून बघा. दोष तसाच राहिला तर तो कार्बोरेटरचा नाहीच. आणि एका कारागिराने जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये दुसऱ्याला हात घालू देऊ नका, निदान पहिल्याला सांगितल्याशिवाय. नंतर कुणालाच काही कळत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला असा कार्बोरेटर लावता येईल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं, पीयूसीचाही प्रश्न आहे. शिवाय बाजारहाटाच्या वेगाला रेसिंगचा कार्बोरेटर त्रासच देतो. रस्त्याच्या गाडीला मूळचाच नीट ठेवा.

आमची जिप्सी आहे, मातीत आणि पाण्यात जाते. तिला वेगळं काही?

हो, तुमचा शत्रू फ्लोट बाउल आहे. गाडी तीव्र चढाला लागली किंवा आडवी कलली, की बाउलमधलं पेट्रोल एका बाजूला जातं. जेट उघडा पडतो किंवा पेट्रोल वाहून इंजिनात शिरतं. २०१४ पासून गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भर पावसात होते. तिथे ही गाडी न्यायची असेल, तर कारागिराला आधीच सांगा की गाडी किती कलणार आहे. फ्लोटची उंची, नीडल व्हॉल्व्ह आणि पेट्रोल पंपाचा दाब तो त्याप्रमाणे ठरवील. बाउलच्या हवानळ्या पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ वर, बोनेटच्या मागच्या बाजूला चढवून घ्या. नळीचं तोंड पाण्याखाली गेलं की बाउलमध्ये हवा येत नाही, आणि बाउलमध्ये हवा नाही तर जेटला पेट्रोल नाही.

मोसम संपला. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार. कार्बोरेटर कसा ठेवू?

काढून ठेवा, गाडीवर नको. बाउल रिकामा करा, जेट काढून उजेडाकडे धरून बघा, पायलट जेट हवेने फुंका. त्यात तार घालू नका. नीडल, स्लाइड, स्प्रिंग हलक्या तेलाच्या फडक्याने पुसा. रबरी ओ-रिंगना ते तेल लावू नका. सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट, आणि डब्याच्या झाकणाला आतून कारागिराचा कागद चिकटवा. मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी घर करते. माझ्या गाडीत एकदा केलं होतं. गणपतीनंतर ऊन पडलं की डबा उघडा, ओ-रिंग बोटाने ताणून बघा, चिरलेल्या दिसल्या तर तेव्हाच मागवा. पार्सल यायला वेळ लागतो आणि नोव्हेंबर लवकर येतो.